पत्त्याचा रकाना

जून महिन्यात आम्हा शिक्षकांचं निम्मं काम शिकवण्याचं आणि निम्मं लिहिण्याचं असतं. नवे दाखले, जुन्या मुलांची माहिती, आधार क्रमांक, मोबाईल नंबर, पत्ता. गेली एकोणीस वर्षं मी उर्दू शाळेत शिकवते आहे, पण पत्त्याचा रकाना मी कधी नीट वाचला नव्हता. मुलाच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं दिसलं की माझं काम झालं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात तरबेज, मराठीच्या वहीत मात्र ऱ्हस्व-दीर्घाची कत्तल. पाचवीत त्याचा पत्ता वडिलांच्या घरचा होता. सहावीत मामूचं नाव आलं, आधी 'द्वारा' लावून. त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर 'द्वारा' खालूजान, आणि मोहल्लाही वेगळा. सातवीचा फॉर्म आला तो रकाना कोरा ठेवूनच. मी फॉर्म परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. स्वच्छ बुरखा, हातात कापडी पिशवी, बरोबर नऊ वर्षांची मुलगी. "आपा, पता कौनसा लिखूं?" तिने विचारलं. मला वाटलं, हिला लिहिता येत नसेल. मी पेन हातात घेतलं. तिला लिहिता येत होतं. लिहायला पत्ता नव्हता.

मधल्या सुटीत वाचनालयाच्या खोलीत बसून तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. नवऱ्याने दुसरा निकाह केला आणि हिला सांगितलं, काही दिवस भावाकडे राहा. तलाक दिला नाही, परत नेलंही नाही. आई-वडील हयात नाहीत. भावाच्या दोन खोल्यांत त्याची सात माणसं. तिथे आठ महिने काढले. मग बहिणीकडे चार महिने. तिथे बहिणीच्या सासूने भांडी आदळायला सुरुवात केली. शेवटचे अकरा दिवस मुलगा मामूच्या दुकानात झोपत होता आणि ही मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात. आजारी कुणीच नव्हतं. बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात रुग्णांच्या नातेवाईक बायका चटया टाकून झोपतात, त्यांच्यात ही झोपायची. एकदा रखवालदाराने खाटेचा नंबर विचारला. तिने चौदा सांगितलं. दुसऱ्या रात्री त्याने पुन्हा विचारलं तर लक्षात असावं म्हणून तो नंबर तिने मुलीलाही पाठ करून दिला होता.

मी बोलता बोलता 'बेघर' हा शब्द वापरला. तिला तो आवडला नाही. "बेघर नाही आपा," ती म्हणाली, "सध्या घर नाही, एवढंच."

तिचं म्हणणं तिच्या बाजूने बरोबर होतं आणि सरकारच्या हिशेबानेही. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं बेघर आढळली, त्यांपैकी २ लाख १० हजारांवर आपल्या महाराष्ट्रात. रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या नळांत, रेल्वे फलाटावर किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारात उघड्यावर राहणारे ते बेघर. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटची नातेवाईक म्हणून झोपलेली बाई यात येत नाही. बहिणीच्या घरी सासूची भांडी ऐकत जागी असलेली बाई तर नाहीच नाही. आपल्या घरांतल्या निराधार बायका बहुधा अशाच असतात. त्या रस्त्यावर दिसत नाहीत म्हणून आपण समजतो की आपल्याकडे हा प्रश्न नाही. त्या 'द्वारा' राहतात.

रस्त्यावर येण्याचं बाई का टाळते, हे पुरुषांना वेगळं समजावून सांगावं लागतं. पुरुषाला रात्री जागा हवी असते ती पाठ टेकायला. बाईला त्याआधी आडोसा हवा असतो. सिंधुताई सपकाळ यांची कहाणी आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. नवऱ्याने हाकलल्यावर लहानग्या मुलीला घेऊन त्या रात्री स्मशानात राहायच्या, कारण रात्रीच्या वेळी तिथे कुणी फिरकत नाही. जिवंत माणसांपेक्षा त्यांना मढ्यांचा शेजार बरा वाटला. शहरात फुटपाथवर राहणाऱ्या बायका रात्री एकमेकींना चिकटून, आळीपाळीने जाग्या राहतात आणि झोप दिवसा काढतात. लोक मग म्हणतात, बघा, दिवसाढवळ्या लोळत पडली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांतल्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा असावा असं बजावलं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे नियम आले. निवारा बाराही महिने चोवीस तास उघडा हवा, किमान पन्नास जणांची सोय हवी, माणशी पन्नास चौरस फूट जागा हवी. बायकांसाठी वेगळे निवारे काढण्याची तरतूद त्यात आहे. कागदावर हे चांगलंच आहे. पण एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर पुरुष, वरच्या मजल्यावर बायका आणि जिना एकच, अशी सोय केली तर ती बायकांची सोय होत नाही. संडासाला जाताना पुरुषांच्या खाटांवरून जावं लागत असेल तर बाई संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. वेगळा दरवाजा, आतून लागणारी कडी, कपडे वाळत घालायला आडोशाची जागा, पाळीच्या दिवसांची सोय, रात्रपाळीला बाईच. या गोष्टी कुणाला किरकोळ वाटतील. माझ्या मते निवारा निवारा आहे की नाही हे यावरूनच ठरतं.

तर आमची ही बाई. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परिचित वकील बाईंना फोन लावला. त्यांनी 'सखी' केंद्राचं नाव सांगितलं. १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या या योजनेत जिल्हावार केंद्रं आहेत. छळ सोसलेल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन एकाच छपराखाली मिळावं हा हेतू. १८१ या क्रमांकावर फोन केला तरी तिथपर्यंत पोचता येतं. मला हे सारं चाळिशी उलटल्यावर कळलं आणि मी बी.एड. झालेली बाई आहे, तेव्हा बाकीच्यांचं काय बोलायचं. केंद्रात राहण्याची सोय पाच दिवसांपुरती असते. पाच दिवसांनी पुढे कुठे? तर निवारागृहात. त्याला आधी 'स्वाधार गृह' म्हणत, आता 'शक्ती सदन' म्हणतात.

तिच्याजवळ आधार कार्ड नव्हतं, ते सासरच्या कपाटात. मी मुलीचा आणि मुलाचा बोनाफाईड दाखला तयार करून दिला, त्यावर आईचं नाव होतं. तेवढ्यावर काम झालं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात एक कलम आहे, सहावं. पीडित बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली तर निवारागृहाच्या प्रमुखाने तिला जागा दिलीच पाहिजे, असं ते सांगतं. वकील बाईंनी त्या कलमाचा नुसता उच्चार केला आणि फोनवरचा पलीकडचा आवाज मऊ झाला.

अडचण पुढे आली. मुलगी आईबरोबर राहू शकत होती. मुलगा नाही. २०१५च्या स्वाधारच्या नियमांत मुलग्यांना आठ वर्षांपर्यंतच आईजवळ ठेवता येत होतं, पुढे ही मर्यादा बारा वर्षांची झाली. आमच्या मुलाला तेरावं लागलं होतं.

या नियमामागचं कारण मला कळतं. तिथे वीस-तीस बायका असतात, त्यांतल्या काही पुरुषाच्या सावलीलाही घाबरलेल्या असतात. वयात येणारा मुलगा त्यांच्यात कसा ठेवणार? केवळ बायकांची जागा ठेवायची तर रेघ कुठेतरी ओढावी लागतेच. पण ती रेघ एका आईच्या मधोमध गेलेली मी पाहिली. केंद्राच्या बाकावर बसून ती हिशेब करत होती. मुलीला घेऊन आत जायचं की दोघांना घेऊन व्हरांड्यात परत जायचं. तिने मला विचारलं, "एखाद्या वर्षाने लहान लिहिता येईल का, आपा?" जन्मतारखेचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. मी नाही म्हटलं. त्या 'नाही'चं ओझं अजून उतरलेलं नाही.

शेवटी मुलगा एका यतीमखान्याच्या वसतिगृहात गेला. बाप त्याच शहरात मोटारसायकलवरून फिरत असताना.

मी महिन्याभराने तिला भेटायला निवारागृहात गेले. जुनी कौलारू इमारत, पुढे पेरूचं झाड, एका खोलीत आठ खाटा. सकाळी सहाला चहा, संध्याकाळी सातला हजेरी. मोबाईल कार्यालयात जमा, दिवसातून ठरावीक वेळ मिळायचा. ही गोष्ट मला खटकली. बाई काही गुन्हेगार नाही. अधीक्षिका म्हणाल्या, नवरे फोनवरून धमकावतात, पत्ता काढतात. दोन्ही खरं असावं. नमाजासाठी तिने कोपऱ्यातल्या खाटेशेजारची जागा निवडली होती, शेजारची बाई तेवढ्या वेळापुरती आपली ट्रंक सरकवून घ्यायची. पहिल्या दिवशी काय केलंस, असं मी विचारलं. "झोपले," ती म्हणाली. दुपारी दोनला झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. मध्ये मुलीने दोनदा हलवून पाहिलं, आई जिवंत आहे का.

स्वाधारच्या नियमांत छळ सोसलेल्या बाईला साधारण वर्षभर राहता येत होतं, इतरांना तीन वर्षं, पंचावन्नच्या पुढच्यांना पाच. त्या मुदतीत तिने शिवण शिकावं, पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा. ही शिवणाची मशीन आता मला जरा जास्तच ठिकाणी दिसते. प्रत्येक निराधार बाईला शिवताच आलं पाहिजे असं कुणी ठरवलं? आमच्या बाईला हिशेब चांगला येत होता. मुलाचं गणित कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. अधीक्षिकांनी तिला कोठाराची वही लिहायला दिली. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साबण. त्या वहीच्या जोरावरच पुढे तिला एका किराणा ठोक दुकानात काम लागलं.

गावात मात्र कुजबुज झाली. जमातीतले एक बुजुर्ग मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "आमच्या मुलीला तुम्ही आश्रमात नेऊन ठेवलंत. आम्ही मेलो होतो का?" माझ्या तोंडावर आलं होतं की अकरा रात्री तुम्ही कुठे होता. वयाचा मान ठेवून गप्प बसले. त्यांचं म्हणणं, बाईने सब्र करावा, नवऱ्याच्या घरी परत जावं, समजूत घालता येईल. एकीला असं अधांतरी लटकवून ठेवून दुसरीकडे पूर्ण झुकू नका, ही ताकीद सूरह निसामध्ये आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. सूरह तलाकमध्ये तर तलाक दिलेल्या बाईलाही इद्दतीच्या काळात घरातून काढायला मनाई आहे. इथे तलाकही न देता काढलं होतं.

आणि बाईला वेगळी जागा देणं ही आपल्याला परकी गोष्ट आहे, हे मला मान्य नाही. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली एक हकीकत आहे. एका टोळीतल्या काळ्या दासीवर, मुक्त झाल्यानंतर, दागिन्याच्या चोरीचा आळ आला. तिची झडती घेतली गेली. दागिना घारीने उचलला होता आणि तिनेच तो वरून टाकला तेव्हा बाईची सुटका झाली. ती टोळी सोडून मदीनेला आली. तिचा छोटा तंबू कुठे होता? मस्जिदीत. कुणाच्या 'द्वारा' नाही, तिचा स्वतःचा. ती आयेशांकडे येऊन बसायची, बोलायची.

दुसरी गोष्ट कैरोची. हिजरी ६८४, म्हणजे इसवी १२८५च्या सुमारास सुलतान बैबर्सची मुलगी तिझकारबाय खातून हिने तिथे एक रिबात बांधला, फक्त बायकांसाठी. इतिहासकार मकरीझी लिहितो की तलाक झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायका तिथे राहत, पुन्हा लग्न होईपर्यंत किंवा नवऱ्याकडे परत जाईपर्यंत. प्रमुख बाईच असे, तिला शेखा म्हणत. ती शिकवायची, फिक्ह समजावायची आणि शिस्तही कडक ठेवायची. या घराशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या उम्मे जैनब फातिमा बिन्ते अब्बास हंबली फिक्हच्या मोठ्या जाणकार होत्या आणि इब्ने तैमियांसारख्या विद्वानाने त्यांच्या ज्ञानाची तारीफ केली. मला त्यातलं 'लग्न होईपर्यंत किंवा परत जाईपर्यंत' हे काही रुचत नाही; तिसरी वाट त्या काळी सुचली नसावी. पण सव्वासातशेहून जास्त वर्षांपूर्वी एका सुलतानाच्या मुलीला जे कळलं, टाकलेल्या बाईला भावाच्या घराआधी एक स्वतंत्र दरवाजा लागतो, ते आमच्या जमातीच्या बैठकीत मांडायला मला दोन वर्षं लागली.

बैठकीत मी आधी दुसराच मुद्दा काढला. निवारा ही नंतरची गोष्ट. बाई घराबाहेर पडलीच का? २००५च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने बायकोला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. एकोणिसाव्या कलमाखाली न्यायालय तिला बाहेर काढायला मनाई करू शकतं किंवा नवऱ्याला वेगळी जागा, भाडं द्यायला लावू शकतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे ही पळवाट ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात बऱ्याच अंशी बुजवली. तलाक झालेल्या बाईबद्दल डॅनियल लतीफी खटल्यात २००१ साली याच न्यायालयाने सांगितलं की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे आणि त्या तरतुदीत राहण्याची जागाही येते. १९८६च्या ज्या कायद्याचा हा अर्थ लावला, त्याच्या चौथ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या तलाकशुदा बाईचा भार नातेवाईक उचलू शकत नसतील तर तो राज्य वक्फ मंडळावर टाकता येतो. बैठकीतल्या निम्म्या लोकांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. एकाने विचारलं, खरंच असं लिहिलं आहे? मी झेरॉक्स पुढे केली.

मोठं आश्रमगृह बांधा असं माझं म्हणणं नव्हतं. मोठ्या इमारतीला आधी पाटी लागते, मग उद्घाटन होतं, मग कुलूप. चेन्नईची 'द बनियन' ही संस्था मानसिक आजार असलेल्या बेघर स्त्रियांसाठी १९९३ पासून काम करते. त्यांची 'होम अगेन' नावाची एक पद्धत आहे. चार-पाच बायका मिळून वस्तीतलं साधं भाड्याचं घर घेतात, स्वयंपाक आपला आपण करतात, मदतनीस बाई येऊन-जाऊन असते. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली'त रस्त्यावरून आणलेल्या शेकडो मनोरुग्ण स्त्रिया आहेत. ते काम फार अवघड, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण भाड्याचं एक घर? त्यात दोन खोल्या बायकांना आणि शेजारी वेगळ्या दरवाजाची एक खोली, जिथे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आईच्या हाकेच्या अंतरावर झोपू शकेल?

बैतुलमालातून सहा महिन्यांचं भाडं मंजूर झालं. ते बुजुर्गही हो म्हणाले. घर मिळायला मात्र चार महिने लागले. पहिल्या मालकाने विचारलं, घरात पुरुष कोण? दुसऱ्याने अनामत दुप्पट सांगितली. तिसऱ्याच्या बायकोने बघायला आलेल्या बायकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि किल्ली सापडत नाही म्हणाली. चौथं घर मिळालं ते पेशइमामांच्या बीवीने स्वतः जाऊन जबाबदारी घेतली म्हणून.

आता तिथे तीन बायका राहतात. आमची बाई, निवारागृहात तिच्या शेजारी ट्रंक सरकवणारी ती हिंदू मैत्रीण, आणि सुनेने बाहेर काढलेली एक साठीची फुफी, जी सगळ्यांच्या भाकऱ्या भाजते आणि सगळ्यांच्या चुका काढते. मुलगा यतीमखान्यातून परत आला, आता दहावीत आहे. बहीण सातवीत, माझ्याच वर्गात. यंदाच्या जूनमध्ये तिने फॉर्म आणला तेव्हा मी आधी पत्त्याचा रकाना पाहिला. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड, सगळं आईच्या अक्षरात. पिनकोडचा एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला.

भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे. मेमध्ये संपतो आणि मालकाने अजून नूतनीकरणाचं काही सांगितलेलं नाही.